उरलेली दोन वर्षं

ओपल टॅकेटनं लग्नानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत आठ घरं मांडली आणि आठही मोडली. नवरा लायल कॉलेज फुटबॉलमधला, म्हणजे हातानं चेंडू फेकायच्या अमेरिकन फुटबॉलमधला कोच; तोही मुख्य नव्हे, हाताखालचा. मुख्य कोचला काढलं की त्याच्या हाताखालचे सगळेच जातात. त्यामुळे लायलची चूक असो-नसो, दोन-तीन वर्षांनी डिसेंबर आला की दारात ट्रक उभा. पुढे पुढे ओपल शहाणी झाली होती. नव्या गावात गेलं की लागतील तेवढीच खोकी उघडायची. आईनं लग्नात दिलेला चिनी मातीच्या ताटांचा संच आर्कान्सामध्ये जो बांधला, तो पुढची तीन घरं कागदातून बाहेरच आला नाही.

ऑर्डवेला मात्र तिनं सगळी खोकी उघडली.

कारण ऑर्डवेला लायल पहिल्यांदाच मुख्य कोच म्हणून आला होता, सत्तेचाळिसाव्या वर्षी. टेनेसीच्या पूर्वेकडच्या डोंगरातलं हे गाव. एक युनिव्हर्सिटी, एक लाकडाचा कारखाना, सोळा चर्च, आणि शनिवारी दुपारी अख्खं गाव मावेल एवढं स्टेडियम. टीमचं नाव म्यूल्स, म्हणजे खेचरं, आणि गेली सहा वर्षं ती नावाला जागत होती. जागची हलत नव्हती.

पहिल्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीचे क्रीडाप्रमुख हॉबर्ट क्रेन बायकोनं भाजलेला, पीचचं गोड सारण भरलेला ‘पाय’ घेऊन आले आणि पोर्चवर टेकले.

“मिस ओपल,” लग्न झालेल्या बाईलाही ‘मिस’ लावायच्या तिकडच्या रीतीनं ते म्हणाले, “तुमच्या नवऱ्याला मी पाच वर्षं दिलीयत. कागदावर आहेतच, पण माझ्या जिभेवरही आहेत. त्याआधी त्याला कुणी ‘का रे’ म्हणणार नाही.”

“पाच म्हणजे पाच?”

“ह्या हाताची बोटं मोजा,” म्हणत त्यांनी पंजा पुढे केला.

तरुणपणी कारखान्याच्या करवतीत त्यांच्या करंगळीचं पेर गेलं होतं, हे ओपलच्या लक्षात आलं ते त्यांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर. ती एकटीच हसली आणि आत जाऊन आईच्या ताटांवरचा कागद सोडायला लागली.

पाचच वर्षं का, हे लायलनं तिला जेवताना समजावलं होतं. “अठरा वर्षांचं पोरगं आणायचं. पहिलं वर्ष त्याला नुसतं खाऊ घालायचं. दुसऱ्या वर्षी ते मार खातं. तिसऱ्या वर्षी मार द्यायला शिकतं. चौथ्या वर्षी त्याला न सांगता कळायला लागतं. आणि पाचव्या वर्षी मी नुसतं टोपी घालून उभं राहायचं.”

त्या हिवाळ्यात लायल डोंगरातल्या आणि खाली अलाबामातल्या गावागावांतून हिंडला, परक्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायला, आणि बावीस पोरं गोळा करून आला. त्यातला क्लीव्हन रड हा चेंडू फेकणारा. काडीसारखा पोर, पण खांद्यात जणू स्प्रिंग बसवलेली. त्याच्या आईनं लायलला दारापर्यंत सोडताना विचारलं होतं, “तो पदवी घेईपर्यंत तुम्ही तिथे असाल ना?” लायल म्हणाला होता, “असेन.”

टॅकेटांना मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्चनंतर ही पोरं घरी जेवायला यायची. ओपल कोंबडीच्या रश्शात पिठाचे गोळे सोडायची, मक्याचा ब्रेड दोन तवे भरून भाजायची, तरी पुरायचा नाही.

“मिस ओपल, हरलो तरी जेवायला मिळतं ना?” क्लीव्हननं पहिल्याच रविवारी विचारलं.

“मिळतं. पण हरलास तर भांडी तुझी.”

“मग ह्या वर्षी तुम्हाला हात ओले करावे लागणार नाहीत.”

तसंच झालं. अकरांपैकी एक मॅच जिंकली आणि दहा रविवार क्लीव्हननं भांडी घासली, एकदाही मैदानावर न उतरता, कारण लायलनं त्याला पहिलं वर्ष नुसतं बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी तीन जिंकल्या. तिसऱ्या वर्षी पाच, आणि हरलेल्या सहांपैकी तीन तर शेवटच्या मिनिटात हातातून निसटल्या. आता पोरांची मानगुटं रुंद झाली होती. ती एकमेकांकडे न बघता एकमेकांच्या जागा घेत होती. हे ओपलला स्टँडमधून दिसत होतं. पण गावाला फळ्यावरचे आकडे दिसत होते.

सोमवारी संध्याकाळी रेडिओवर लोक फोन करून बोलायचे. “माझी आजी त्याच्यापेक्षा बरी टीम चालवेल,” एक जण म्हणाला, “आणि तिला जाऊन सहा वर्षं झाली.” ओपल बटाटे सोलता सोलता ऐकायची. रेडिओ बंद करायची नाही. न ऐकलेलं बोलणं जास्त लागतं असं तिचं मत होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी दार उघडलं तर रात्रीतून कुणीतरी अंगणात ‘घर विकणे आहे’ असे पाच फलक रोवलेले. शेजारची वर्नेल हाउसकोटातच धावत आली आणि रागारागानं ते उपटायला लागली.

“ह्यांच्या जिभेला हाड नाही ते नाही, हातालाही नाही!”

“हळू उपट वर्नेल,” ओपल म्हणाली. “खांब चांगले देवदाराचे आहेत. टोमॅटोला होतील.”

वर्नेलनं हातातला फलक खाली टाकला. मग दोघी गवतावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, ते ओपलनं तपासलं नाही.

शेवटची मॅच झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच क्रेननी लायलला ऑफिसात बोलावलं. ओपल एकटीच चर्चला गेली. दुसरं भजन चालू असताना लायल मागच्या दारानं आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिच्या पुस्तकात बघून गायला लागला. लायल चर्चमध्ये कधी गात नसे. ओपलला तिथेच कळलं.

“झालं?” तिनं ओठ न हलवता विचारलं.

“झालं,” तो म्हणाला आणि पुढचं कडवं गायला लागला.

घरी आल्यावर तो टायसकट खुर्चीत बसला. क्रेनचं बोलणं त्यानं आपणच सांगितलं. “म्हणाला, सुधारणा दिसतेय, पण लोकांना वेग दिसत नाहीये.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, माझी पोरं अजून एकविशीची नाहीत.”

“मग?”

“म्हणाला, पोरं नाहीत, पण लोक म्हातारे होतायत, लायल.”

दुपारी पोरं आली ती नेहमीसारखी दंगा करत नाही, तर एकामागून एक, टोप्या हातात धरून. कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. क्लीव्हननं आदल्या दिवशी मॅच जिंकलेली असूनही भांडी घासली. जाताना तो लायलसमोर उभा राहिला, काहीतरी बोलायला गेला आणि नुसतं “कोच” एवढंच म्हणाला. लायलनं त्याच्या मानेवर हात ठेवला. “डावा पाय पुढे टाकत जा,” तो म्हणाला. “घाईत विसरतोस.”

जानेवारीत उत्तर डकोटाहून फोन आला. एका लहान कॉलेजात, आघाडीच्या फळीचा कोच. पुन्हा हाताखालचा. लायल हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? ओपलनं त्याचे शर्ट घड्या करून दिले, लोकरीचे मोजे शोधून दिले. तिसऱ्या दिवशी तो माडीवरून रिकामी खोकी घेऊन खाली आला तेव्हा ती म्हणाली, “ती नकोत. मी येत नाहीये.”

लायलनं खोकी खाली ठेवली.

“मला पाच वर्षं सांगितली होती,” ओपल म्हणाली. आवाज चढवला नाही. “ह्याच पोर्चवर. तुझी त्यांनी काढून घेतली. माझी माझ्याकडे कुणी मागितलेली नाहीत. माझी दोन उरलीयत.”

“ओपल, ती वर्षं माझ्या नोकरीची होती.”

“घर दोघांचं आहे ना?”

“आणि मी तिथे?”

“तू फोन कर,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “रागावून मागे नाही राहत मी. मला एकदा बघायचंय, एका जागी राहिलं की काय होतं ते.”

त्यानं वाद घातला नाही. तेवीस वर्षांत तिनं एकदाही वाद घातला नव्हता, हे त्याला आठवलं असावं. सकाळी त्यानं गाडी सुरू केली, काच खाली केली आणि म्हणाला, “पोरांवर लक्ष ठेव.” ती हो म्हणाली. गाडी गेल्यावर मात्र पोर्चच्या पायरीवर बसली ती वर्नेल येऊन “थंडी आहे गं बाई, आत चल” म्हणेपर्यंत.

नवा कोच आला. ट्रेंट हॉलिस, छत्तिशीचा, दात पांढरेशुभ्र, हात मिळवताना दुसरा हात कोपराला लावणारा. त्यानं लायलच्या पोरांना नव्या टोप्या दिल्या आणि त्या शरदात म्यूल्सनी सात मॅचेस जिंकल्या. गाव हर्षानं वेडं झालं. हार्डवेअरच्या दुकानात म्हातारा जेंट्री ओपलला खिळे मोजून देता देता म्हणाला, “बघितलंत मिस ओपल, माणूस बदलला की कसा फरक पडतो?”

“हो,” ओपल म्हणाली. “पोरांची वयंही बदलली की.”

ती आता प्राथमिक शाळेच्या वाचनालयात काम करत होती. शनिवारी स्टेडियममध्ये आपल्या जुन्याच जागेवर बसायची. मैदानाच्या कडेला टोपी घातलेला कुणी पाठमोरा उभा दिसला की क्षणभर तिचं काळीज हलायचं. लायल असाच उभा राहायचा, वजन उजव्या पायावर, हात काखेत. माणूस वळायचा, तोंड दुसऱ्याचं निघायचं. दर शनिवारी हे व्हायचं आणि दर शनिवारी तिला नव्यानं तसंच वाटायचं.

रविवारी पोरं जेवून गेली की चार वाजता फोन वाजायचा.

“बोल,” लायल म्हणायचा.

आणि ती बोलायची. आधी आधी नुसतं कोण जिंकलं, किती धावले. पण लायलचे प्रश्न वेगळे असायचे. क्लीव्हन मार बसल्यावर कुणाकडे बघतो? आघाडीची पोरं मॅचच्या शेवटच्या सत्रात कमरेवर हात ठेवतात का? ओपल मग तेच बघायला शिकली. तेवीस वर्षं कोचच्या घरात राहून तिला जे कळलं नव्हतं ते दोन वर्षांत कळलं. कारण आता ती एकटीसाठी बघत नव्हती.

“तिकडे कसं आहे?” ती शेवटी विचारायची.

“वारा आहे,” तो म्हणायचा. “पोरं चांगली आहेत.”

बस्स. कधी कधी दोघंही काही न बोलता फोन धरून राहायची. त्याच्या खोलीतल्या हीटरचा खडखडाट तिला ऐकू यायचा, आणि तो कुठल्या बाजूला असेल, खुर्ची कशी असेल, याचा ती विचार करत बसायची. नाताळात आणि उन्हाळ्यात तो यायचा. आठवडाभरात घराला त्याचा वास लागायचा आणि मग तो पुन्हा जायचा. अंथरुणाच्या डाव्या, त्याच्या बाजूला ती कधीच सरकली नाही.

पाचवं वर्ष आलं. पहिल्या वर्षी आणलेल्या बावीसांतली चौदा टिकली होती, सगळी शेवटच्या वर्षाला. ती आता खरंच न सांगता खेळत होती. दहांपैकी नऊ जिंकल्या. शेवटची मॅच ऑर्डवेलाच, आणि ती जिंकली की विभागाचं विजेतेपद. एकतीस वर्षांत आलं नव्हतं.

लायलच्या कॉलेजचा हंगाम दोन आठवड्यांपूर्वीच संपला होता.

“ये ना,” ओपल फोनवर म्हणाली.

“नको,” लायल म्हणाला. “मी स्टँडमध्ये बसलो तर लोक माझ्याकडे बघतील, पोरांकडे नाही बघणार. ते बरं नाही. तू जा.”

ती गेली नाही. तिकीट वर्नेलला दिलं. शनिवारी दुपारी दीड वाजता तिनं स्वयंपाकघरात रेडिओ लावला, लायलला फोन केला आणि रिसीव्हर रेडिओला टेकवून ठेवला. स्वतः कान मध्ये खुपसून बसली. अशी दोघांनी तीन तास मॅच ऐकली, दीड हजार मैलांवरून. स्टेडियम घरापासून अर्ध्या मैलावर. रेडिओवर आधी समालोचक ओरडायचा आणि मग दोन-तीन सेकंदांनी उघड्या खिडकीतून खरा गलका यायचा.

“ते काय होतं?” लायलनं पहिल्यांदा विचारलं.

“खिडकी. गाव ओरडतंय.”

“उघडीच ठेव,” तो म्हणाला.

शेवटचे चाळीस सेकंद. म्यूल्स चार गुणांनी मागे, चेंडू घेऊन ओलांडली की सहा गुण देणारी रेषा सात यार्डांवर. समालोचकाचा घसा बसला होता. लायल हळूच म्हणाला, “सगळ्यांना वाटेल तो उजवीकडे फेकणार. फेकणार नाही. चेंडू पोटाशी धरून स्वतः जाईल. आघाडीची पोरं वाट करतील त्याला.”

रेडिओ म्हणाला, रड मागे सरला, उजवीकडे बघतोय, नाही, धरून ठेवला, पळाला—

आणि मग खिडकीतून सगळं गाव आत आलं.

ओपल उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग तिला फोनची आठवण झाली. तिनं रिसीव्हर कानाला लावला.

“पाय पुढे टाकला का त्यानं?” लायलनं विचारलं.

“रेडिओवर पाय दिसत नाही, लायल.”

तो हसला. हसणं मध्येच मोडलं. रेडिओवर कुणी तरी ट्रेंट हॉलिसला खांद्यावर घेतल्याचं सांगत होता.

“ओपल,” तो म्हणाला, “मी असतो तर आपण ही मॅच जिंकलो असतो का, मला खरंच माहीत नाही.”

“मलाही नाही.”

“पूर्वी मला खात्री होती.”

तिनं रेडिओ बंद केला. खिडकीतून बँडचा आवाज येत होता, तो तिनं फोन लांबवून त्याला ऐकू दिला.

दहाच दिवसांत ट्रेंट हॉलिसला टेक्सासच्या मोठ्या युनिव्हर्सिटीनं उचललं. त्यानं पोरांना सांगितलंही नाही; ती बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. आणि पुढच्याच गुरुवारी हॉबर्ट क्रेन पोर्चवर हजर झाले. ह्या वेळी हातात पीचचा ‘पाय’ नव्हता. हॅट हातात फिरवत ते म्हणाले, “मिस ओपल, मी मागे घाई केली. गावात बोलतायत लोक. पोरांच्या आयांचे मला फोन आले. लायल परत येईल का हो?”

ओपलनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हातारे झाले होते. दोन वर्षं ह्या क्षणाची तिनं किती रूपं मनात रंगवली होती. एकात तर तिनं त्यांना पायरीवरून खाली उतरवलं होतं. प्रत्यक्षात तिनं विचारलं, “किती वर्षांसाठी?”

“चार म्हणतायत. मी पाच मागेन.”

“त्याचा नंबर लिहून घ्या,” ती म्हणाली. “मी त्याच्या वतीनं बोलत नाही.”

पण क्रेन गेल्यावर तिला बसवेना. ती घरभर फिरली. लायलची खुर्ची पुसली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निळे डोंगर दिसत होते, एकामागे एक, शेवटचा धुरासारखा. तिला हे सगळं हवं होतं, आणि ह्यात त्याला उभा हवा होता, बस्स एवढंच. इतकं थोडं मागायला पंचवीस वर्षं लागली आणि आता ते दाराशी आलं होतं.

संध्याकाळी सहाला फोन वाजला.

“क्रेनचा फोन आला होता,” लायल म्हणाला.

“माहितीय.”

“मी नाही म्हटलं.”

ओपल भिंतीला टेकली.

“ऐकतेयस ना?” तो म्हणाला. “रोज रात्री मी मनातल्या मनात तिथे यायचो. त्याच मैदानावर. पण मला ती पोरं हवी होती गं. क्लीव्हन, आणि ती चौदा. ती मे महिन्यात पदवी घेऊन जातील. मी परत आलो तर मैदान तेच असेल आणि त्यावर दुसऱ्याची पोरं असतील. आणि इथे मी सहा जणांच्या आयांना ‘असेन’ म्हणून सांगून बसलोय. मी हाताखालचा कोच आहे, माझ्या सांगण्याला काय किंमत! पण सांगितलंय.”

“तू मला विचारलं नाहीस.”

“नाही. विचारलं असतं तर हो म्हणालो असतो. तुला ते घर किती हवंय ते मला माहीत आहे.”

तिला राग यायला हवा होता. आला नाही. त्या दोन वर्षांत ती त्याच्यासाठी इतकं बघत आली होती की आताही तिला त्याचंच आधी दिसलं: वाऱ्याच्या गावातली खोली, खडखडणारा हीटर, आणि फोन कानाला लावून तिच्या उत्तराची वाट बघत उभा राहिलेला माणूस, वजन उजव्या पायावर.

“तिकडे मे महिन्यात बर्फ असतो का?” तिनं विचारलं.

“असतो कधी कधी.”

“मग मी पदवीदान झालं की येते. क्लीव्हनच्या आईशेजारी कुणीतरी बसायला हवं.”

मे महिन्यात ती क्लीव्हनच्या आईशेजारी बसली. चौदा नावं पुकारली गेली आणि चौदाही वेळा तिनं टाळ्या वाजवल्या. क्लीव्हनच्या आईनं तिचा हात घट्ट धरला होता. “कोचना सांगा,” ती म्हणाली, “माझी तक्रार नाही.” पुढच्या आठवड्यात घर एका तरुण डॉक्टर जोडप्याला गेलं. किल्ली घेताना त्यातल्या मुलीनं विचारलं, “हे घर सोडवत नसेल ना तुम्हाला?” ओपल म्हणाली, “नाही सोडवत.” आणि किल्ली दिली.

लायल तिला न्यायला आला होता. तीन दिवस गाडी चालली. पहिल्याच दिवशी दुपारी डोंगर संपले. ओपलनं मागे वळून पाहिलं तेव्हा ते केव्हाच संपले होते. तिसऱ्या दिवशी जमीन इतकी सपाट झाली की रस्त्याकडेच्या टाकीलाही उंची आली.

भाड्याचं घर गावाच्या टोकाला होतं. लायलनं आदल्या आठवड्यात फरशी धुतली होती, ते कोपऱ्यांतल्या साबणाच्या डागांवरून कळत होतं. ओपल स्वयंपाकघरात गेली. सिंकवर एक मोठी खिडकी होती. ती तिथे उभी राहून बराच वेळ बाहेर बघत राहिली. लायल दाराशी अवघडून उभा.

“इथून काय दिसतं?” तिनं विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “पण फार लांबपर्यंत.”